संदर्भांची मोजणी आणि कर्जतचे भात

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि तिच्यापाठोपाठ ‘अमुक विद्यापीठातील इतक्या प्राध्यापकांचा समावेश’ अशा बातम्याही येतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इयोअनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती २०१९ मध्ये पहिल्यांदा सार्वजनिक केली. एखाद्या शास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या निबंधांत किती वेळा केला, या मोजणीवर ती उभी आहे. अशा उल्लेखाला शास्त्रज्ञांच्या भाषेत सायटेशन म्हणतात. मराठीत त्याला संदर्भ म्हणता येईल. यादीत नाव आले की अभिनंदनाचे फलक लागतात, पदोन्नतीच्या अर्जात एक ओळ वाढते आणि संस्थेच्या माहितीपत्रकात छायाचित्र झळकते. या आनंदात गैर काहीच नाही. परंतु ही यादी एका प्रकारच्या वैज्ञानिक कामाची नोंद घेते आणि दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी तिच्यात रकानाच नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही.

असा रकाना नसलेले काम मुंबईपासून लोकलच्या अंतरावर चालते. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे १९१९ पासून भातावर संशोधन सुरू आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाल्यानंतर हे केंद्र त्याच्याकडे आले आणि आज ते प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाते. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-४ आणि कर्जत-७ हे हळवे वाण, कर्जत-५ आणि कर्जत-६ हे निमगरवे, कर्जत-२ आणि कर्जत-८ हे गरवे, त्याशिवाय ‘सह्याद्री’ मालिकेतील संकरित वाण ही या केंद्राची निर्मिती. कोकणातल्या शेतकऱ्याला दुकानात यांपैकी कोणते बियाणे मागायचे हे नेमके ठाऊक असते. ते कोणी तयार केले, हे मात्र त्याला ठाऊक नसते. तसे ठाऊक असण्याची त्याला गरजही वाटत नाही.

दुसरीकडे, त्याच भाताच्या पेशींत डोकावून त्याच्या जनुकांचा शोध घेणारे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या कामाचे मोजमाप दर महिन्याला अद्ययावत होते. एकाच पिकावर राबणाऱ्या या दोन प्रकारच्या वैज्ञानिकांपैकी एकाच्या पदरात आकडे पडतात आणि दुसऱ्याच्या पदरात पडत नाहीत. हा केवळ मानसन्मानाचा प्रश्न असता, तर तो त्या दोघांवर सोडून देता आला असता. पण नेमणुका, पदोन्नती आणि निधी हे सारे या आकड्यांवर ठरू लागल्याने, उद्याच्या भाताचे बियाणे कोण तयार करणार, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध येतो.

मोजपट्टीचा जन्म

संदर्भ मोजण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांची. त्यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध होऊ लागला. त्यांचा मूळ हेतू शास्त्रज्ञांना गुण देण्याचा नव्हता. एखादा निबंध वाचला, तर त्याच्या आधारे पुढे कोणी काय केले, हे शोधण्याची सोय व्हावी, एवढाच तो होता. ग्रंथालयासाठी तयार केलेले हे साधन हळूहळू निवड समितीच्या टेबलावर पोहोचले. नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. त्यानंतर २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील, तर त्याचा एच-निर्देशांक वीस. एका माणसाची सारी कारकीर्द एका आकड्यात सांगता येते म्हटल्यावर तो आकडा लोकप्रिय होणे साहजिकच होते.

या आकड्यांचा इतिहासच त्यांच्या मर्यादा सांगतो. आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेला शोधनिबंध ऑलिव्हर लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९५१ चा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची एक सोपी पद्धत त्यात दिली आहे. ‘नेचर’ने २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले होते. डीएनएची दुहेरी सर्पिलाकार रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध मात्र त्या आढाव्यातील पहिल्या शंभरातही नव्हता. पद्धत वापरणारा प्रत्येक जण तिचा संदर्भ देतो. जी गोष्ट सर्वमान्य होऊन पाठ्यपुस्तकात गेली, तिचा संदर्भ देण्याची कोणाला गरज भासत नाही. तेव्हा संदर्भांची संख्या उपयोग दाखवते, आणि तोही शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी केलेला उपयोग. शोधाची उंची तीवरून कळतेच असे नाही.

पुण्यातील एक कारकीर्द

भाताच्या बाबतीत महाराष्ट्रात हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वनस्पतींच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या गटाकडे पाहता येईल. या गटाचे नेतृत्व दीर्घकाळ डॉ. पी. के. रांजेकर यांनी केले. सत्तरच्या दशकात कॅनडातील संशोधकांसमवेत त्यांनी राय, बार्ली आणि गहू यांच्या डीएनएतील पुनरावृत्त भागांचा अभ्यास केला. रायवरील निबंध १९७४ मध्ये ‘क्रोमोसोमा’त प्रसिद्ध झाला. धान्यांच्या डीएनएत तेच ते तुकडे हजारो वेळा का आढळतात, हा त्या काळी शुद्ध कुतूहलाचा विषय होता. त्याचा शेतीला काही उपयोग होईल, असे तेव्हा सांगणे धाडसाचे ठरले असते.

पुढे याच पुनरावृत्त तुकड्यांनी व्यवहारी रूप घेतले. दोन वाणांमध्ये हे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या संख्येने असतात. त्यामुळे त्यांच्या आधारे वाणाची ओळख पटवता येते. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखेच हे वाणाचे ठसे. डॉ. रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये भाताचे असे ठसे घेण्याविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. भातावर जिवाणूजन्य करपा आणणाऱ्या जिवाणूच्या भारतातील नमुन्यांचेही ठसे या गटाने घेतले. २००० मध्ये या गटाने फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील डी. एस. ब्रार यांच्यासह रानभाताच्या १७ प्रजातींसह एकूण ४२ नमुने तपासून भाताच्या कुळातील नातेसंबंध मांडले. या निबंधाला जगभरातून शेकडो संदर्भ मिळाले.

या कारकिर्दीतील आणखी एक निबंध बोलका आहे. एस. पी. जोशी, रांजेकर आणि गुप्ता यांनी १९९९ मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’मध्ये वनस्पतींच्या जनुकसंचाच्या अभ्यासातील रेण्वीय खुणांचा आढावा घेतला. त्यात नवा प्रयोग नव्हता. विखुरलेले ज्ञान एका ठिकाणी, नीट लावून दिलेले होते. भारतीय नियतकालिकात येऊनही त्याला मोठ्या प्रमाणावर संदर्भ मिळाले, कारण या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला अशा लेखाची गरज होती. आढावा घेणाऱ्या लेखांना मूळ संशोधनापेक्षा अधिक संदर्भ मिळतात, हा सर्वच विज्ञानशाखांतील अनुभव आहे. तो लेख उपयुक्त होता, म्हणून त्याची संख्या खरी. परंतु या संख्येच्या जोरावर त्याला मूळ शोधापेक्षा मोठा ठरवणे हा मोजणाऱ्याचा अविवेक ठरेल.

संदर्भसंख्येने काही चांगलेही केले, हे येथे नमूद केले पाहिजे. पुण्यातील प्रयोगशाळेत झालेले काम मनिला, क्योटो वा कॉर्नेलमध्ये वाचले जाते की नाही, हे तिने दाखवून दिले. ज्येष्ठता, ओळखीपाळखी आणि विभागप्रमुखाची मर्जी यांवरच जेथे बढत्या ठरत, तेथे ‘जगाने याच्या कामाची दखल घेतली आहे’ असे म्हणण्याची सोय एका तरुण संशोधकाला झाली. आकडे नकोतच, असे म्हणणाऱ्यांनी आकडे नसतानाची परिस्थिती विसरू नये.

‘सह्याद्री’ची वंशावळ

आता कर्जतकडे वळू. भाताच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि परागीभवन फुलाच्या आतच होते. त्यामुळे भाताचा संकर व्यापारी प्रमाणावर करायचा, तर आधी नर-वंध्य झाड हवे. चीनमधील हैनान बेटावर १९७० मध्ये युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना परागकण निकामी असलेले एक रानभाताचे झाड सापडले. त्यावरून तेथे १९७६ पासून संकरित भाताची मोठी लागवड सुरू झाली. तेच वंध्यत्व आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर ५८०२५ ए या वाणात उतरवले. कर्जतच्या पैदासकारांनी त्याचा बीआर ८२७-३५ या वाणाशी संकर केला आणि १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ प्रसारित झाला. सुमारे १२५ ते १३० दिवसांत तयार होणारा हा वाण महाराष्ट्राच्या संकरित भाताचा प्रारंभबिंदू ठरला. ‘सह्याद्री-२’, ‘सह्याद्री-३’ आणि ‘सह्याद्री-४’ त्यानंतर आले.

हे वंध्यत्व नेमके कशामुळे येते, याचा उलगडा रेण्वीय जीवशास्त्राने २०१३ मध्ये केला. दक्षिण चीनमधील संशोधकांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवून दिले की, पेशीतील तंतुकणिकेत असलेले डब्ल्यूए-३५२ हे जनुक एका आवश्यक प्रथिनाच्या कामात अडथळा आणते आणि त्यामुळे परागकण तयार होण्याआधीच त्यांना पोसणारा पेशींचा थर नष्ट होतो. शोध उत्तम होता आणि त्याला संदर्भही भरपूर मिळाले. मात्र काळाचा क्रम पाहण्यासारखा आहे. झाड १९७० मध्ये सापडले, ‘सह्याद्री’ १९९८ मध्ये शेतात आला, आणि कारण २०१३ मध्ये कळले. येथे व्यवहार विज्ञानाच्या चाळीस वर्षे पुढे होता. संदर्भांच्या वहीत या गोष्टीचा शेवट ठळक अक्षरांत नोंदला गेला. मधला टप्पा, म्हणजे कर्जतच्या खाचरांतील काम, जवळपास अनुल्लेखित राहिले.

वास्तविक पैदासकारांचीही संदर्भ देण्याची स्वतःची पद्धत आहे. तिला वंशावळ म्हणतात. प्रत्येक नव्या वाणाच्या नोंदीत त्याचे आई-बाप लिहावे लागतात. आयआर-८ हा १९६६ चा प्रसिद्ध वाण, इंडोनेशियाचा ‘पेटा’ आणि तैवानचा बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’ यांचा वंशज, हे त्या नोंदीतूनच कळते. एखादा वाण पुढच्या किती वाणांचा जनक झाला, हे मोजले तर तो पैदासकारांच्या जगातील सायटेशन इंडेक्सच होईल. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५ पासून चालू आहे आणि त्याच्या चाचण्यांच्या नोंदी दशकानुदशके साठलेल्या आहेत. माहिती आहे, ती शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनाला जोडण्याची इच्छाशक्ती नाही.

दोन पंचांगे

अडचणीचे मूळ वेळेच्या हिशेबात आहे. भाताचा संकर केल्यानंतर त्याचे गुण स्थिर होण्यास पाच-सहा पिढ्या लागतात. त्यानंतर केंद्रावरील चाचण्या, राज्यातील विविध ठिकाणच्या चाचण्या, समन्वित प्रकल्पातील चाचण्या, वाण प्रसारण समिती आणि १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना. या वाटचालीत दहा-बारा वर्षे सहज जातात. या काळात प्रसिद्ध करण्याजोगे फार थोडे हाती असते. आणि ज्या शेकडो वाणांना नाकारले, त्यांच्याविषयी कोणीच निबंध लिहीत नाही. रेण्वीय जीवशास्त्रज्ञाला एका जनुकावर दोन-तीन वर्षांत निबंध लिहिता येतो. तो वाचणारे, म्हणजेच संदर्भ देणारे, सहकारी जगभर हजारोंनी असतात. कोकणच्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात न लोळणारा हळवा वाण हा विषय कोकणापुरता. त्यामुळे त्यावर लिहिलेल्या निबंधाचे वाचकही मोजकेच.

तरीही दोघांच्या पदोन्नतीचे निकष बव्हंशी सारखेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांसाठी शैक्षणिक कामगिरीचा गुणांक लागू केला आणि शोधनिबंधांना गुण ठरले. परिणामी, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. ते रोखण्यासाठी आयोगाने पुढे विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोडला. पीएच.डी.साठी शोधनिबंधाची सक्ती २०२२ च्या नियमांत काढून टाकण्यात आली. कृषी विद्यापीठांच्या क्षेत्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने नियतकालिकांना दिलेले गुण चालतात आणि त्यांची बांधणीही मुख्यतः इम्पॅक्ट फॅक्टरवर आहे. अशा स्थितीत कर्जतसारख्या केंद्रात रुजू झालेल्या तरुण शास्त्रज्ञाने काय करावे? बारा वर्षांनी येणाऱ्या वाणासाठी चिखलात उभे राहावे, की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दहा वाणांचे डीएनए ठसे घेऊन दरवर्षी दोन निबंध लिहावेत? दुसरा मार्ग निवडणाऱ्याला दोष देता येत नाही. नियमच त्याला तिकडे ढकलतात.

जेथे दोन्ही वाटा मिळतात

या दोन प्रकारच्या विज्ञानांत वैर आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ती जेथे एकत्र आली, तेथे उत्तम फळ मिळाले. जिवाणूजन्य करप्याला रोखणारे एक्सए-२१ हे जनुक आफ्रिकेतील रानभातातून आलेले. कॅलिफोर्नियातील पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते १९९५ मध्ये वेगळे केले आणि तो निबंध रेण्वीय जीवशास्त्रात गाजला. आपल्याकडे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. रमेश सोंटी यांच्या गटाने भात संशोधन संचालनालयातील पैदासकारांसमवेत हे जनुक, आणखी दोन प्रतिकारक जनुकांसह, ‘सांबा मसुरी’ या लोकप्रिय वाणात रेण्वीय खुणांच्या मदतीने उतरवले. ‘सुधारित सांबा मसुरी’ २००८ मध्ये प्रसारित झाला. जनुक कोठे आहे हे खुणेवरून कळत असल्याने रोपटे लहान असतानाच निवड करता आली आणि पैदाशीची वर्षे वाचली. पुण्याच्या गटाने १९९९ मध्ये ज्या खुणांचा आढावा घेतला होता, त्याच जातीच्या खुणांचे हे शेतातील रूप.

जनुकसंपादनाची कथाही अशीच लांब पल्ल्याची आहे. लोंबीतील दाण्यांची संख्या सायटोकायनिन ऑक्सिडेज या विकराच्या एका जनुकाशी निगडित असल्याचे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले. त्या जनुकात बदल करून हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने तयार केलेला ‘कमला’ हा वाण मे २०२५ मध्ये जाहीर झाला. म्हणजे गाजलेल्या निबंधापासून वाणाच्या घोषणेपर्यंत वीस वर्षे. त्यानंतरही कोणत्या जमिनीत, कोणत्या पावसात तो टिकतो, हे खाचरांतच ठरणार. अशा चाचण्यांसाठी कर्जतसारखी केंद्रे लागतात. प्रयोगशाळेचा प्रत्येक दावा अखेर ज्या जमिनीवर तपासला जातो, ती जमीन आणि तेथील माणसे टिकली नाहीत, तर संदर्भसंख्या कितीही वाढली तरी ती शेतात उतरणार नाही.

रोनाल्ड यांच्या कारकिर्दीतील पुढचा प्रसंगही मोजपट्टीच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. एक्सए-२१ जिवाणूचा कोणता रेणू ओळखते, याविषयी त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेले दोन निबंध २०१३ मध्ये त्यांनी स्वतःहून मागे घेतले. जिवाणूच्या नमुन्यांची अदलाबदल झाल्याचे त्यांच्याच प्रयोगशाळेच्या लक्षात आले होते. नव्याने काम करून २०१५ मध्ये त्यांनी खरा रेणू शोधला. संदर्भांच्या हिशेबात निबंध मागे घेणे हा तोटा. विज्ञानाच्या हिशेबात तो प्रामाणिकपणाचा पुरावा. एच-निर्देशांक हा फरक दाखवू शकत नाही. तो समजण्यासाठी माणसाचे काम वाचावे लागते.

आणि ज्यांना वंशावळीतही जागा मिळत नाही, त्यांचे काय? चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी ऐंशीच्या दशकात आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हा भात तयार केला. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या या निवडीवरून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला आणि श्रेय कोणाचे, यावर वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने खोब्रागडे यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या तांदळाची चव लाखो घरांना माहीत होती. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला व शेतकऱ्यालाही पैदासकार मानण्याची तरतूद त्यात आली. संदर्भ देणे हा विज्ञानातला शिष्टाचार आहे. पण तो निबंधापुरताच पाळला गेला, तर त्याचा अर्थ उरत नाही.

खाचरे आणि भूखंड

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत या चर्चेला आणखी एक धार आहे. येथील शेतीला पाण्याचा एक वेगळाच वारसा लाभला. टाटांच्या खोपोली येथील १९१५ च्या आणि भिवपुरी येथील १९२२ च्या जलविद्युत केंद्रांतून वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी खाली येते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतमध्ये राजनाल्याच्या आधारे उन्हाळी भात पिकते. त्याच वेळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला, पाताळगंगेच्या काठी कारखानदारी वाढली, नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’त या तालुक्यांतील गावेही आली. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाच्या कामाने जमिनीच्या व्यवहारांना आणखी वेग दिला. खाचरांचे बांध मोडून फार्महाउस आणि सेकंड होमचे भूखंड पडत आहेत.

शहरी वाचकाला हे विकासाचे स्वाभाविक रूप वाटेल. मात्र ज्या परिसरासाठी हळवे, निमगरवे आणि गरवे वाण वेगवेगळे तयार केले गेले, तोच परिसर आकसत असेल, तर त्या वाणांची मागणी घटणार आणि ‘एवढ्या थोड्या क्षेत्रासाठी संशोधन केंद्र हवे कशाला’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. तेव्हा केंद्राच्या बाजूने पुढे ठेवायला संदर्भसंख्या असणार नाही. राज्यातील कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांचा प्रश्न जुना आहे. एक पैदासकार निवृत्त झाला आणि त्याची जागा काही वर्षे भरली गेली नाही, तर पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत आलेले संकर सांभाळणारे हात उरत नाहीत. प्रयोगशाळेतील गोठवलेला डीएनए वाट पाहू शकतो. खाचरातली पिढी एक पावसाळाही वाट पाहत नाही.

काय करता येईल?

केवळ संदर्भांवर माणूस जोखू नये, असे म्हणणारे जगात एकटेदुकटे नाहीत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या परिषदेत तयार झालेल्या जाहीरनाम्याने इम्पॅक्ट फॅक्टरवरून शास्त्रज्ञाचे मूल्यमापन करू नये, असे आवाहन केले आणि जगभरातील हजारो संस्थांनी व व्यक्तींनी त्यावर सह्या केल्या. आपल्याकडे त्याच्या पुढे जाऊन काही ठोस पावले उचलता येतील. पैदासकाराने दिलेला वाण पुढे किती वाणांचा जनक झाला, त्याच्या पैदासकार बियाण्याची मागणी किती वर्षे टिकली, त्यापासून किती पायाभूत आणि प्रमाणित बियाणे तयार झाले, हे सारे सरकारी नोंदींत आहे. त्याला निबंधांच्या बरोबरीने स्थान देता येईल. चाचण्यांत अपयशी ठरलेल्या वाणांची माहिती प्रसिद्ध करण्यालाही गुण असावेत. कारण ती पुढच्या संशोधकाची वर्षे वाचवते. रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आणि पैदासकार यांच्या संयुक्त प्रकल्पांत पैदासकाराचे नाव निबंधाच्या शेवटच्या आभारात न जाता लेखकांत यावे, ही तर किमान अपेक्षा.

हे निकषही निर्दोष ठरणार नाहीत. एखाद्या वाणाची मागणी वीस वर्षे टिकली, तर तो वाण थोर होता असे म्हणता येते. त्यानंतर त्याहून चांगले काही तयारच झाले नाही, असेही म्हणता येते. भारतातील अनेक पिकांत जुनेच वाण वर्षानुवर्षे चालत राहणे, हे बियाणे-व्यवस्थेच्या सुस्तीचे लक्षण मानले जाते. गुण मिळतात म्हटल्यावर नावापुरते नवे वाण काढण्याची शर्यतही सुरू होऊ शकते, जशी निबंधांची झाली. कोणतीही मोजपट्टी बक्षिसाला जोडली की ती वाकवण्याचे मार्ग निघतात. म्हणून मोजपट्टी एकापेक्षा अधिक असाव्यात आणि त्यांच्या शेवटी ते काम प्रत्यक्ष पाहिलेला, वाचलेला माणूस असावा. निवड समितीने उमेदवाराचे तीन निबंध खरोखर वाचावेत. पैदासकाराच्या बाबतीत पीक उभे असताना खाचरावर जावे. यात वेळ जातो, जबाबदारी घ्यावी लागते, आणि चुकल्यास आकड्यामागे लपता येत नाही. आकड्यांची लोकप्रियता वाढण्याचे हेही एक कारण आहे.

डॉ. रांजेकरांच्या गटाचे संदर्भ आणि कर्जतच्या पैदासकारांचे वाण या दोहोंची गरज महाराष्ट्राला आहे. पुनरावृत्त डीएनएचा निव्वळ कुतूहलाने केलेला अभ्यास पुढे वाण ओळखण्याचे साधन बनला. त्या वेळी ‘याचा उपयोग काय’ असे विचारून तो थांबवला असता, तर नुकसान शेतीचेच झाले असते. तसेच ‘याला संदर्भ किती’ असे विचारून कर्जतचे काम थांबवले, तर ते नुकसान लगेच दिसणार नाही. दहा-बारा वर्षांनी, नव्या रोगाची साथ आल्यावर किंवा पावसाचे वेळापत्रक बदलल्यावर, शेतकरी दुकानात नवे बियाणे मागेल तेव्हा ते दिसेल. त्या वेळी संदर्भांच्या यादीत उत्तर सापडणार नाही. आणि दहा वर्षांपूर्वी जो संकर करायला हवा होता, तो त्या दिवशी करून भागणार नाही.